यूव्हीएलओचे रेझिस्टर सोल्डर करण्याआधी

यूव्हीएलओ (अंडरव्होल्टेज लॉकआउट) म्हणजे इनपुट व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की डीसी-डीसी कन्व्हर्टर बंद ठेवणारी सोय; ती पातळी कन्व्हर्टर आयसीच्या एका पिनला जोडलेले दोन रेझिस्टर, म्हणजे डिव्हायडर, ठरवतात. सोल्डरिंग आयर्न गरम करण्याआधी एक आकडा वहीत लिहिलेला हवा: लोड चालू असताना आणि लोड काढल्यावर, बोर्डाच्या इनपुट टर्मिनलवर किती व्होल्टचा फरक पडतो. सप्लायच्या डिस्प्लेवर विसंबू नका, मीटरचे प्रोब थेट बोर्डावर टेकवा. कन्व्हर्टर बंद पडला की करंट थांबतो, वायरमधला ड्रॉप (वायरच्या रोधामुळे होणारी व्होल्टेजची घट) नाहीसा होतो, बॅटरीही थोडी सावरते आणि इनपुट पुन्हा वर चढतं. चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधलं अंतर, म्हणजे हिस्टेरेसिस, या उसळीपेक्षा कमी पडलं तर कन्व्हर्टर सतत चालू-बंद होत राहतो. माझ्या एका बोर्डावर इंडक्टरमधून बारीक टिकटिक येत होती आणि मी दोन दिवस दोष फीडबॅक लूपमध्ये (आउटपुट स्थिर ठेवणाऱ्या सर्किटमध्ये) शोधत होतो. दोष एक मीटर लांबीच्या बारीक वायरीत होता.

आता हिशेब. तीन सेलची लिथियम-आयन बॅटरी, आउटपुट ५ व्होल्ट ४ अँपिअर, कार्यक्षमता ९० टक्के धरा. इनपुटला सुमारे २२ वॅट लागणारच, त्यामुळे व्होल्टेज घसरलं की करंट वाढतो: १२ व्होल्टला १.८५ अँपिअर, ९ व्होल्टला जवळपास २.५. जाणाऱ्या-येणाऱ्या वायरींचा मिळून रोध ०.३ ओहम असेल तर ९ व्होल्टला ड्रॉप पाऊण व्होल्टचा झाला. बॅटरीच्या सावरण्यासाठी तेवढीच जागा आणखी सोडा आणि हिस्टेरेसिस दीड व्होल्ट धरा. बोर्डावर ९ व्होल्टला बंद म्हणजे बॅटरीवर ९.७५, सेलमागे ३.२५ व्होल्ट, ते चालेल. चालू होण्याची पातळी मग १०.५.

डेटाशीट उघडून तीन गोष्टी टिपून घ्या: यूव्हीएलओ पिनची थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टेजला कन्व्हर्टर चालू होतो), चालू झाल्यावर पिनमधून बाहेर येणारा हिस्टेरेसिस करंट आणि दोन्हींची किमान-कमाल मूल्यं. समजा १.२ व्होल्ट आणि ५ मायक्रोअँपिअर. दीड व्होल्ट भागिले ५ मायक्रोअँपिअर, म्हणजे वरचा रेझिस्टर ३०० किलोओहम. बाजारात ३०१ मिळतो. इनपुट १०.५ असताना पिनवर १.२ व्होल्ट यावेत म्हणून खालचा ३८.८ येतो. मी ३८.३ घेईन, कारण ३९.२ घेतला तर बंद होण्याची पातळी ९ च्या खाली जाते. ३८.३ ने चालू १०.६३ ला, बंद ९.१३ ला.

इथे थांबू नका. थ्रेशोल्ड १.१५ ते १.२५ मध्ये कुठेही असू शकते आणि रेझिस्टर एक टक्क्याचे आहेत. सगळं एकाच बाजूला झुकलं तर चालू होण्याची पातळी ११.२७ पर्यंत जाते, म्हणजे बॅटरीत बराच चार्ज शिल्लक असूनही तो बोर्ड सुरूच होणार नाही. हे चालणार नसेल तर आधी वायर जाड आणि आखूड करा. मग ड्रॉप कमी होईल, हिस्टेरेसिस कमी करता येईल आणि चालू होण्याची पातळीही खाली आणता येईल. नुसते रेझिस्टर बदलून हा प्रश्न सुटत नाही.

कमाल इनपुटला पिनवर किती व्होल्ट येतात ते पिनच्या मर्यादेशी ताडून बघा. डिव्हायडर सुमारे ३५ मायक्रोअँपिअर कायम खातो, तो स्टँडबायच्या हिशेबात धरा. एवढ्या मोठ्या रेझिस्टरांशेजारी फ्लक्स राहिला तर गळतीने पातळी सरकते, म्हणून बोर्ड नीट धुवा. आयसीच्या आत त्याच्या स्वतःच्या पुरवठ्यासाठी वेगळं लॉकआउट असतं. ते मॉसफेटच्या (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटला पुरेसं व्होल्टेज आहे की नाही एवढंच पाहतं, बॅटरी सांभाळत नाही.

चाचणीला बेंच सप्लायची रिमोट सेन्स जोडणी (वायरच्या टोकाचं व्होल्टेज मोजून ड्रॉप भरून काढणारी) काढा, नाहीतर ड्रॉप झाकला जाईल. करंट लिमिट सैल ठेवा. सुरुवातीला आउटपुट कपॅसिटर भरताना जास्त करंट ओढला जातो, आणि सप्लाय तिथे दबला तर दोष लॉकआउटचा वाटतो. प्रत्यक्षातलीच वायर जोडा. स्कोपचा एक चॅनेल बोर्डाच्या इनपुटवर, दुसरा आउटपुटवर. पूर्ण लोड देऊन व्होल्टेज अगदी सावकाश खाली आणा, मग तितक्याच सावकाश वर न्या. दोन्ही वेळा आउटपुटला एकच कड, म्हणजे एकदाच बंद किंवा एकदाच चालू होणं, दिसली पाहिजे.