जर्मनीला शिकायला निघालाय? पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की सांगली-मिरजेकडच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, दादा कुकर कुठला आणू, थर्मल किती घेऊ, तिकडं चपाती मिळते का. कुकरचं खाली सांगतो, पण पहिल्या महिन्यात पोरं अडकतात ती खाण्यावरून नाही आणि थंडीवरून तर अजिबातच नाही, अडकतात कागदावरून. आपल्याकडं काही करायचं राहिलं तर कुणीतरी टोकतंच, शेजारचे काका विचारतात, क्लार्क वर्गात येऊन ओरडून जातो, गेलाबाजार झेरॉक्सवाला तरी म्हणतो की अरे या फॉर्मची उद्या लास्ट डेट आहे. जर्मनीत असं आपणहून कुणी सांगत नाही. पत्र येतं. ते पण पोस्टानं, आणि जर्मनमधे.

पेटीवर नाव न लावणं

ही सगळ्यात फालतू चूक आणि सगळ्यात महागात पडणारी पण. तिथल्या पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅट नंबर नसतोच, रस्ता आणि बिल्डिंग नंबर झाला की संपलं, पुढं पोस्टमन खालच्या पेट्यांवरची नावं वाचून पत्रं टाकतो. आता तुम्ही कुणाच्या तरी फ्लॅटमधली एक खोली घेतलेली, पेटीवर नाव जुन्या भाडेकरूचं, मग तुमचं पत्र सरळ परत. मिरजेचा एकजण एटीएम कार्डाची वाट बघत बसला होता, बँकेच्या ॲपवर 'पाठवलं' असं दिसतंय आणि याच्याकडं काहीच नाही, तिथं कार्ड एका पाकिटातून आणि पिन दुसऱ्या पाकिटातून येतो, ती दोन्ही पाकिटं परत गेलेली. तर चावी हातात आली की त्याच दिवशी कागदावर पासपोर्टवरच्या स्पेलिंगनं आडनाव लिहा आणि पेटीवर, बेलवर, दोन्हीकडं चिकटवा, छापील पट्टी हाउसमाइस्टर म्हणजे बिल्डिंगचा केअरटेकर नंतर लावेल. पेटी दुसऱ्याच्याच नावावर राहणार असेल तर पत्ता देताना त्याचं नाव 'केअर ऑफ' म्हणून घाला. पत्र आधीच परत गेलं असेल तर बँकेला पत्ता दुरुस्त करून नवीन पाठवायला सांगा, नुसतं थांबून काही होत नाही.

'नंतर बघू' म्हणून आनमेल्डुंग लांबवणं

नवीन घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत महापालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि पुढची निम्मी कामं त्या एका कागदावर अडतात. त्यासाठी नुसतं भाडेकरार चालत नाही, घरमालकानं सही केलेला 'हा इथं राहायला आलाय' असा वेगळा फॉर्म लागतो. बरेच जण घाईत अशी खोली घेतात की जिथं मालक म्हणतो राहा, पण पत्ता नोंदवू नका. अशा खोलीचे पैसे देऊच नका. आणि 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठव, चावी कुरिअरनं येईल' असं म्हणणारा मालक भेटला तर तो मालकच नाही, एवढं पक्कं समजा.

मोठ्या शहरांत 14 दिवसांत अपॉइंटमेंट मिळत नाही, घाबरू नका, मिळेल ती तारीख बुक करा आणि तो मेल जपून ठेवा. कॅन्सल झालेले स्लॉट सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास बघत राहायचं.

नोंदणी झाली की टॅक्स नंबरचं पत्र येतं, पाठोपाठ रेडिओ-टीव्हीच्या फीचं, महिना 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी येतं. ते फ्रॉड समजून फेकणारे खूप. शेअर फ्लॅट असेल तर फी घरामागं एकच असते, आधी कोण भरतो ते विचारा आणि त्याचा फी भरायचा नंबर पत्र पाठवणाऱ्यांना कळवा, विषय संपला.

पैशाचा अंदाज

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमधे वर्षाचे 11,904 युरो भरले म्हणजे उतरल्या उतरल्या पैसे हातात, असं घरचे समजतात. तसं नसतं. त्यातून महिन्याला 992 मिळतात, ते पण तिथं चालू खातं उघडल्यावर, आणि घरमालक डिपॉझिट म्हणून तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतो. म्हणून सुरुवातीचा खर्च आणि डिपॉझिट वेगळं जवळ पाहिजे. ट्राममधे तिकीट नसताना सापडलात तर 60 युरो दंड, सेमिस्टर तिकीट म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास असून घरी विसरला असेल तर मात्र ट्रामवाल्यांच्या ऑफिसात मुदतीत जाऊन दाखवा, थोडक्यात मिटतं.

बॅग आणि किचन

आईनं डबा भरून दिलेलं तूप विमानतळावर जप्त होऊ शकतं, कारण युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. साताऱ्याचे कंदी पेढे मिठाईत धरायचे की खव्यात, हा वाद कस्टमवाल्याशी घालण्यात अर्थ नाही, निघायच्या आधी घरीच खाऊन घ्या. कांदा-लसूण मसाला खुशाल न्या, पण वाटेत दुबईत बाहेर पडणार असाल तर त्यात खसखस आहे का ते आईला विचारा, यूएईमधे खसखशीवर बंदी आहे.

कुकर इंडक्शन बेसचाच घ्या, साधा अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. आणि फोडणी! मोहरी तडतडली, मिरची पडली की स्मोक डिटेक्टर बोंबलायला लागतो, काही होस्टेलात तो थेट फायर ब्रिगेडला जोडलेला असतो. अशा वेळी घाबरून पॅसेजचं दार उघडतात ती खरी चूक, धूर बाहेरच्या डिटेक्टरला लागतो आणि अख्खी बिल्डिंग खाली उतरते. दार बंद, खिडकी उघडी. रात्री दहानंतर मिक्सर नको आणि रविवारी दुकानं बंद, शनिवारीच भाजी आणून ठेवा.

परीक्षा आपोआप होते असं समजणं

अटेंडन्स सहसा कुणी घेत नाही, मधे टेस्ट फारशा नसतात, त्यामुळं ऑक्टोबर ते डिसेंबर पोरं निवांत. टाइमटेबलवर दहाच्या पुढं सी.टी. असेल तर लेक्चर सव्वादहाला, एस.टी. म्हणजे आपली लालपरी नव्हे, बरोबर दहाला. पण खरा फटका पुढं आहे, कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही, पोर्टलवर परीक्षेचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं आणि तारीख गेली की गेली. आपली एटीकेटीची सवय तिथं चालत नाही, बऱ्याच युनिव्हर्सिटीत एका विषयाला तीनच अटेम्प्ट असतात, तिसऱ्यात नापास झालात तर कोर्समधूनच बाहेर. मार्कांचं पण उलटं, 1.0 सगळ्यात भारी, 4.0 काठावर पास. घरी 'एक मिळाला' म्हणून फोन कराल तर आधी समजावून सांगा.

फोनवरून आठवलं, थंडीत वेळेचा फरक साडेचार तासांचा असतो, सांगलीत सकाळचे दहा म्हणजे तिथं पहाटेचे साडेपाच, तेव्हा आईला वेळ ठरवून द्या. नोव्हेंबरअखेर दुपारी साडेचारच्या आसपास अंधार पडायला लागतो, त्यात दिवाळी नुकतीच एकट्यानं काढलेली, मन लागत नाही, आणि तेव्हाच पोरं घरचं तिकीट काढून टाकतात. काढा, पण आधी व्हिसावरची शेवटची तारीख बघा, रेसिडेन्स परमिटचा म्हणजे तिथं पुढं राहायच्या परवान्याचा अर्ज त्या तारखेच्या आत गेलाय का बघा, आणि त्या परमिटचं कार्ड हातात यायच्या आधी देशाबाहेर जाऊन परत येता येईल का ते परमिट देणाऱ्या ऑफिसला मेल करून लेखी विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.