ब्लाउजचा पॅटर्न संगणकावर काढायला शिकताना

कोकणात शिवणकाम करणाऱ्यांना कापड ज्यांवरून कापतात त्या कागदी पॅटर्नचा जाच समजावून सांगायला नको. खुंटीला टांगलेले ब्राउन पेपरचे पॅटर्न पावसाळ्याच्या दमट हवेत सैलावतात, त्यांच्या कडा झिजतात, काहींना बुरशी धरते, आणि नेमक्या त्याच दिवसांत गणपतीसाठी येणाऱ्या चाकरमान्यांच्या घरचे ब्लाउज शिवायला येऊन पडतात. पॅटर्न संगणकात ठेवावेत असे मला प्रथम वाटले ते या कारणाने. अचूकपणा वगैरे गुण मागाहून कळले.

ज्यांना साध्या चार टक्सच्या (आकारासाठी शिवलेल्या चुण्यांच्या) ब्लाउजचे ड्राफ्टिंग, म्हणजे मापांवरून आखणी, कागदावर करता येत नाही, त्यांनी आधी ते शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंढा (बाही जोडायची गोलाई) कोठे वळवावा आणि टक्स किती खोल घ्यावा हे प्रोग्रॅमला ठाऊक नसते. चुकीचा मुंढाही तो तितक्याच रेखीवपणे काढून देतो.

मोठ्या कारखान्यांत गर्बर आणि लेक्ट्रा या कंपन्यांचे प्रोग्रॅम चालतात (२०२१ मध्ये लेक्ट्राने गर्बर विकत घेतली), पण घरी शिकणाऱ्याला त्यांची गरज नाही. सीमली टूडी आणि व्हॅलेंटिना हे एकाच मुळातून निघालेले दोन मोफत प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर चालतात. इंकस्केप या चित्रे काढायच्या प्रोग्रॅममध्येही पॅटर्न काढता येतो, मात्र तेथे रेघ ही नुसती रेघच असते आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी ती नव्याने ओढावी लागते.

या दोन प्रोग्रॅमांचे मर्म असे की त्यांत मापांची फाइल वेगळी असते आणि चित्राची वेगळी. मापांच्या फाइलीत छाती, कंबर, खांदा, पूर्ण उंची अशी मापे नावानिशी लिहायची आणि चित्रातला प्रत्येक बिंदू आकड्याने नव्हे, तर सूत्राने ठेवायचा. छाती ३४ इंच असेल तर तिचा चौथा भाग साडेआठ आणि सैलपणाचा अर्धा इंच मिळून नऊ होतात. परंतु तेथे ‘९’ न लिहिता ‘छाती भागिले ४ अधिक अर्धा’ असे लिहावे. मग ३८ छातीच्या बाईची मापे जोडताच तोच बिंदू आपोआप १० इंचांवर सरकतो. घाईत एखाद्या ठिकाणी नुसता आकडा राहिला, तर बाकीचे बिंदू सरकतात, तो एकटा जागचा हलत नाही, आणि मुंढ्याची गोलाई वेडीवाकडी होते. म्हणून ड्राफ्ट पूर्ण होताच त्याला एकदा २८ छातीची आणि एकदा ४४ छातीची मापे जोडून पाहावीत. चूक कोठे आहे ते लगेच दिसते. खांद्याचे सूत्र मात्र छातीवरून बांधू नये. छाती दहा इंचांनी वाढली म्हणून खांदा त्या प्रमाणात रुंदावत नाही, तेव्हा ते माप स्वतंत्रच घ्यावे.

बाही बसवताना संगणकाचा खरा उपयोग होतो. कागदावर टेप उभी धरून मोजावी लागणारी मुंढ्याची गोलाई प्रोग्रॅम आपणहून सांगतो, त्यामुळे बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा किती जास्त आहे ते कापड कापण्यापूर्वीच कळते. त्यानंतर तुकडे वेगळे करून त्यांवर उभ्या धाग्याची रेघ आणि जुळणीच्या खुणा द्याव्यात. दाब, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचे जादा कापड, सगळीकडे सारखा ठेवू नये: गळ्याला पाव इंच पुरतो, पण बगलेखालच्या शिवणीला एक इंच हवा, कारण आपल्याकडे ब्लाउज पुढे उसवून सैल करायचा असतो. प्रत्येक कडेचा दाब स्वतंत्रपणे देण्याची सोय या प्रोग्रॅमांत आहे.

सर्वांत जास्त नुकसान छपाईत होते. माझा पहिला पॅटर्न प्रिंटरने ‘पानात बसवा’ या पर्यायावर ९७ टक्के आकाराने छापला. ३६ इंचांचा घेर ३५च्याही आत आला आणि गिऱ्हाइकाचे कापड माझ्या अंगाशी आले. तेव्हापासून मी पॅटर्नवर दहा सेंटिमीटरचा एक चौकोन काढून ठेवते, ‘मूळ आकार’ हा पर्याय निवडते आणि आधी चौकोनाचेच पान छापून त्याच्या दोन्ही बाजू लोखंडी पट्टीने मोजते. कापडी टेप वापराने ताणली जाते, तिच्यावर येथे भरवसा ठेवू नये. ए-फोर पाने चिकटवण्याचा कंटाळा येत असेल, तर घराचे नकाशे छापून देणाऱ्या दुकानात प्लॉटर आहे का ते विचारावे. तेथे पूर्ण पॅटर्न एकाच मोठ्या कागदावर मिळतो.

पहिला नमुना मांजरपाटावर शिवावा, आणि त्यात जी दुरुस्ती निघेल ती कागदावर पेन्सिलीने न करता सूत्रात करावी. नाहीतर पुढच्या छपाईत जुनीच चूक पुन्हा बाहेर येते. पावसात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून दर थोड्या वेळाने फाइल जतन करावी आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो कोरड्या डब्यात ठेवावा.