स्वामीनाथनांच्या रीतीने पक्षी कसा रंगवावा

जगदीश स्वामीनाथन (१९२८–१९९४) यांनी साठच्या दशकाच्या अखेरीपासून पक्षी, झाड आणि डोंगर एवढ्याच ऐवजावर अनेक वर्षे चित्रे रंगवली. एकाच रंगाचा विस्तीर्ण सपाट पट, त्यात अधांतरी शिळा आणि तिच्या आसपास चिमुकला पक्षी. पक्षीनिरीक्षकाला त्याची जात सांगता येईलच असे नाही, आणि चित्राचे त्यावाचून काही अडतही नाही. मोबाइलवरच्या छायाचित्रावरून पीस न् पीस उतरवणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट आहे ती पक्ष्याभोवतीची मोकळी जागा.

तरीही सुरुवात खऱ्या पक्ष्यापासूनच करावी. नाशिककरांना त्यासाठी निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर जवळ आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील या पाणथळीला २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) होण्याचा मान मिळाला. हिवाळ्यात पहाटेच पोहोचावे आणि खिशात मावेल एवढी वही व मऊ पेन्सिल घ्यावी. (मी पहिल्या खेपेला मोठा फळा नेला होता, वाऱ्याने त्यावरचा कागद फडफडला आणि काठावरची सगळी बदके उडाली.) एका पक्ष्याला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नये: पाठीची एक रेघ, मानेचा कल, पायांची जागा, एवढेच टिपावे. मराठी नावे इथे फार उपयोगी पडतात. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे असते आणि बुडाशी लाल ठिपका. वारकरी या पाणपक्ष्याच्या काळ्या अंगावर कपाळाचा पांढरा पट्टा उठून दिसतो. नाव ठेवणाऱ्याने नेमके काय पाहिले, तेवढेच रेखाटनात ठेवून बाकीचे सोडून द्यावे.

घरी आल्यावर मात्र पक्ष्याला लगेच हात घालू नये. आधी जाड कागदावर पोस्टर कलरचा एकच थर रुंद ब्रशने द्यावा. रंग पातळ पिठल्याइतका असावा, कारण त्याहून दाट झाला तर सुकल्यावर तडकतो आणि फार पातळ झाला तर ढगाळ डाग पडतात. थर पूर्ण सुकू द्यावा. मग रेखाटनावरून कागदाचा पक्षी कापून तो रंगीत पटावर सरकवत राहावे. अगदी मधोमध तो फोटोसाठी उभा केल्यासारखा दिसतो. कडेकडे नेताच उरलेला रंग कधी आभाळ होतो, तर कधी पाणी. या सरकवण्यात अर्धा तास गेला तरी हरकत नाही, कारण चित्राचा खरा निर्णय इथेच होतो. जागा ठरली की तिथे बारीक खूण करून पक्षी दोन-तीन रंगांत भरावा. शिळा हवीच असेल तर एकच घ्यावी आणि तिला सावली देऊ नये. सावली पडली की शिळा जमिनीवर येते.

शेवटी पक्षी बोटाने झाकून पाहावा. झाकल्यावर उरलेला पट नुसता रंगवलेला कागद वाटला, तर जागा बरोबर साधली. काहीच फरक पडला नाही, तर कापलेला पक्षी पुन्हा हातात घ्यावा.