गुडघ्याचं हाड कसं बघायचं आणि मुलींना उडीनंतर पाय टेकायला कसं शिकवायचं

नाशिकच्या पंचवटीत मी मुलींना कबड्डी शिकवते. माझा स्वतःचा डावा गुडघा बोनस घेताना गेला. कुणी पकडलंही नव्हतं. पाय ताठ टेकला, अंग वळलं, आतून ‘कट्’ झालं आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला. पहिल्या डॉक्टरांनी ‘लचक आहे’ म्हणून क्रेप बँडेज दिलं, घरी मालिश झाली, आणि मी तीन महिने तशीच खेळले. तेवढ्यात गुडघ्यातली गादीही फाटली.

पुढे एका सर्जननी माझ्या गुडघ्याची फिल्म उजेडासमोर धरून दोन गोष्टी दाखवल्या. आता पालकांना मी त्याच दाखवते.

पहिली, खाच. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोल उंचवटे असतात. त्यांच्यामधल्या खाचेतून एसीएल, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं दोरीसारखं लिगामेंट, तिरकं उतरतं आणि नडगीच्या माथ्यावर पुढच्या बाजूला रुततं. काहींची ही खाच जुन्या नाशकातल्या बोळासारखी अरुंद असते. अशा खाचेत लिगामेंट भिंतीला घासू शकतं, शिवाय ते मुळातच बारीक असण्याचीही शक्यता असते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: उतार. नडगीचा माथा पाटासारखा सपाट नसतो, मागच्या बाजूला झुकलेला असतो. बहुतेकांत हा उतार ७ ते १० अंशांच्या आसपास. अंगाचा भार पडला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं, म्हणजेच नडगी पुढे सरकते, आणि तिला अडवायला एसीएल ताणलं जातं. त्यात माथ्याचा आतला भाग वाटीसारखा थोडा खोलगट, बाहेरचा मात्र फुगीर. त्यामुळे बाहेरची बाजू आधी निसटते आणि गुडघा पिळला जातो. उतार १२ अंशांच्या पुढे असेल आणि ऑपरेशन करून बसवलेलं लिगामेंट पुन्हा तुटलं असेल, तर काही वेळा सर्जन हाडाची पाचर काढून उतारच कमी करतात. पहिल्याच दुखापतीत कुणी हे सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पण म्हणून लगेच सगळ्या मुलींचा एमआरआय काढू नका, पैसे वाया जातील. जिचा एक गुडघा आधीच गेलाय किंवा घरात कुणाचं एसीएल तुटलंय, तिच्यासाठी डॉक्टरांना बाजूने काढलेल्या एक्सरेबद्दल विचारा. बाकीच्यांना मोबाईल पुरतो.

फूटभर उंचीच्या ओट्यावरून मुलीला खाली उडी मारायला लावा आणि टेकल्या टेकल्या लगेच वर उडायला सांगा. एक व्हिडिओ समोरून, एक बाजूने, दोन्ही स्लो मोशनमध्ये. समोरून बघा, गुडघे एकमेकांकडे झुकतात का. बाजूने बघा, गुडघा नीट वाकतो की पाय काठीसारखा राहतो. आणि कान द्या: धप्प आवाज आला की समजा टेकणं कच्चं आहे.

सुधारणा वॉर्मअपमध्येच बसवा. फिफाचा ‘११ प्लस’ फुटबॉलसाठी आहे, साधारण २० मिनिटांचा. त्यातलं टेकणं, एका पायावरचा तोल आणि नॉर्डिक हा व्यायाम मी उचललाय. नॉर्डिकमध्ये मुलगी गुडघ्यांवर उभी राहते, जोडीदार घोटे धरते, आणि ती हळूहळू पुढे झुकते. मांडीमागचे स्नायू नडगीला मागे खेचतात, म्हणजे एसीएलचंच काम वाटून घेतात. चढाईत दिशा बदलताना एक लांब ढांग टाकून थांबायचं नाही. दोन-तीन छोटी पावलं, गुडघा वाकलेला, पायाच्या बोटांच्या रेषेत.

पांडवलेणीच्या पायऱ्या पळत चढायला माझी ना नाही. पळत उतरायला मात्र बंदी.

आणि गुडघा गेलाच तर? खेळ तिथेच थांबवा, बर्फ लावा, मालिश अजिबात नको, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. दोन तासांत आलेली सूज बहुधा आतल्या रक्ताची असते. ऑपरेशन झालं तर नऊ महिन्यांच्या आत मॅटवर नाही, कितीही मोठी स्पर्धा असो.

माझ्या एका चढाईपटूचा उतार १३ अंश निघाला. तिची आई दर रविवारी विचारते, “मॅडम, उतार कमी झाला का?” मी सांगते, “ताई, उतार तेवढाच आहे. पण हा बघा गेल्या महिन्याचा व्हिडिओ आणि हा आजचा.”