गाळाने इतिहास रंगवायचा तर

बोगोलान म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचं, गाळाने रंगवलेलं सुती कापड. ते रंगवताना चिखल आकृतीच्या बाहेर भरतात. आकृती तशीच राहते, भोवतालचं कापड काळं होत जातं आणि त्या काळ्यातून ती पुढे येते. मालीतल्या सेगू शहरात, नायजर नदीच्या काठी मी हे काम शिकले. ज्यांची तसबीर कुणीच काढून ठेवली नाही अशा माणसांसाठी याहून चांगली रीत मला माहीत नाही. म्हणून विसरलेल्या इतिहासाचं बोगोलान-चित्र कसं करायचं ते इथे लिहिते आहे.

विषय आधी ठरवा, आणि तो असा निवडा की ज्या कापसावर नि ज्या गाळाने तुम्ही रंगवणार आहात त्यांचा त्या घटनेशी खरोखर संबंध असेल. माझा विषय मार्कालाचं धरण. सेगूहून प्रवाहाबरोबर सुमारे 35 किलोमीटर गेलं की ते लागतं. मालीला तेव्हा फ्रेंच सुदान म्हणत. फ्रान्सच्या गिरण्यांना कापूस हवा होता. नायजरचं पाणी वळवून तो पिकवायचा म्हणून 1932 मध्ये ऑफिस द्यू निजेर ही सरकारी संस्था निघाली, आणि 1934 ते 1947 या काळात हे धरण बांधलं गेलं. मजूर आले ते सैन्यभरतीच्या यादीतून. फौजेला लागतील तेवढे तरुण फौज घेई, उरलेल्यांतून माणसं काढून बांधकामावर धाडत. 1926च्या फर्मानाने तशी सोयच करून ठेवली होती, आणि कागदोपत्री या लोकांना ‘दुसरा हिस्सा’ म्हणत. एप्रिल 1946 मध्ये फ्रेंच वसाहतींमधली वेठबिगार कायद्याने बंद झाली, तरी हा दुसरा हिस्सा आणखी काही वर्षं चालूच राहिला. सेगूचे जेली, म्हणजे तिथले वंशपरंपरागत गायक, बिटोन कुलिबाली आणि दा मोन्झोन या राजांच्या कथा आजही गातात. बांधावर माती वाहणारे मात्र हजेरीपटातच राहिले.

कुंचला हातात घ्यायच्या आधी ऐकायला जा. राजधानी बामाकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वसाहतकाळाची कागदपत्रं आहेत, ती पाहावीतच. पण चित्राला लागणारी गोष्ट बहुधा कागदावर सापडत नाही. तुम्हाला हवी असते शरीराची एखादी ढब. सोमोनो जमातीच्या एका नावाड्याने मला सांगितलं, की त्याचे वडील मार्कालाहून परतले ते एक खांदा खाली टाकून चालत. डाबा, म्हणजे तिथली आखूड दांड्याची कुदळ, हातात नसली तरी खांदा तसाच. माझ्या चित्रातल्या सगळ्या आकृत्यांचा खांदा तिरका आहे, तो तिथून आला. अशी एक ढब हाती लागली की चित्र निम्मं झालं समजा. ती लागेपर्यंत थांबायची तयारी हवी.

आता कापड. हाताने कातलेल्या सुताचे अरुंद पट्टे विणकर मागावर विणतात आणि ते पट्टे काठाला काठ लावून शिवतात. तसलंच घ्या. गिरणीच्या गुळगुळीत कापडावर गाळ नीट धरत नाही, आणि कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर काळा रंग धुण्यात निघून जातो. जोड दिसतात म्हणून कुरकुरू नका, उलट त्यांचा उपयोग करा. मी प्रत्येक पट्ट्यात एकच माणूस ठेवला. वीस जणांची रांग आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना शिवण. कापड गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढून टाका.

मग पिवळं पाणी. न्गालामा नावाच्या झाडाची पानं कुटून रात्रभर भिजवतात किंवा उकळून काढा करतात. हे झाड म्हणजे आपल्या धावड्याचंच पश्चिम आफ्रिकेतलं भावंड. वनस्पतिशास्त्रात दोघांचा गण एक. कापड काढ्यात बुडवा, पिळून सपाट जमिनीवर उन्हात पसरा, वाळलं की पुन्हा बुडवा. उन्हाकडची बाजू जास्त गडद होते. चित्र त्याच बाजूवर काढायचं, ती खूण विसरू नका. या पिवळ्याकडे नुसता रंग म्हणून पाहू नये. पानांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुतात बसतं आणि पुढे गाळातलं लोह त्यालाच धरतं. पिवळं कमी पडलं तर काळं राखाडीच राहतं, मग वरून कितीही थापा.

गाळावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सगळी मदार त्याच्यावर. डबक्याच्या किंवा नदीच्या तळाचा काळसर, मऊ, लोह असलेला गाळ आणून झाकणाच्या माठात पाण्याखाली ठेवतात. वर्षभर मुरवलेला गाळ उत्तम मानतात. हवा न लागल्यामुळे आत तो आंबतो, त्याला उग्र वास येतो, आणि त्यातलं लोह टॅनिनशी जुळायला तयार होतं. मला हे काम शिकवणाऱ्या बाई बोटावर गाळ घेऊन अंगठ्याने चोळायच्या. खरखर लागली तर माठ परत झाकायच्या. तुम्ही पिवळ्या कापडाची चिंधी घेऊन चाचणी करा. गाळ लावा, सावलीत वाळवा, धुवा. धुतल्यावर काळं राहिलं तर माठ तयार. फडक्यातून गाळून दोन भांडी करा: रेघांसाठी पातळ, भरण्यासाठी दाट.

या रसायनाची एक गोष्ट मला काम करताना सतत आठवते. युरोपातल्या कचेऱ्यांची टिकाऊ शाई पिढ्यान्‌पिढ्या लोह आणि टॅनिनचीच असे. माणसाला यादीतला आकडा करणारं काळं आणि त्याच माणसाभोवती मी भरते ते काळं, दोन्ही एकाच जातीचं. म्हणूनच या विषयाला ॲक्रिलिक चालणार नाही असं माझं ठाम मत आहे.

रेखाटनाला पीस, ताडाच्या पानाची शीर, लोखंडाची चपटी पट्टी, जे हाताला बसेल ते घ्या. आधी पातळ गाळाने आकृतीची बाहेरची कड, मग दाट गाळाने पार्श्वभूमी. घाई इथेच नडते. कडेपासून निघून पट्ट्याच्या शिवणीपर्यंत भरत जा; मधे ओला थर वाळू दिला तर डाग दिसतो. बाजारात छाप्याने भराभर केलेलं बोगोलान मुबलक मिळतं, पण छाप्यातून तिरका खांदा वीस वेळा एकसारखा येईल आणि वीस माणसांचं एकच माणूस होईल.

जुने आकृतिबंध उचलताना जपून. मालीतल्या बेलेदुगुसारख्या भागात ते आईकडून मुलीकडे आले आहेत. काही शिकाऱ्यांच्या अंगरख्याचे, काही बाळंतिणीच्या वस्त्राचे, आणि काहींचा अर्थ परक्याला सांगत नाहीत. विचारा, आणि नाही म्हटलं तर सोडून द्या. आकृत्या काढायला मात्र मनाई नाही. 1978 मध्ये बामाकोत सहा तरुण कलावंतांनी ग्रुप बोगोलान कासोबाने सुरू केला. कांजूरा कुलिबाली, बुबाकार दुम्बिया, नेने थियाम त्यांतले. पोशाखाचं हे तंत्र त्यांनी चित्राकडे वळवलं, मातीचे आणि झाडपाल्याचे नवे रंग शोधले. दुम्बियांनी सेगूत उभारलेलं न्डोमो केंद्र पाहिल्याशिवाय परतू नका.

गाळ पूर्ण वाळला की भरपूर पाण्यात, न घासता धुवा. पहिल्या धुण्यानंतर काळं फिकट दिसेल. ते ठीकच आहे. पुन्हा न्गालामा, पुन्हा त्याच रेघांवर गाळ, पुन्हा धुणं. दोन फेऱ्या किमान, तीन झाल्या तर काळं खोल होतं.

शेवटी आकृतीतलं पिवळं काढायचं. शेंगदाणे, बाजरीचा कोंडा आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण पिवळ्या जागांवर काळजीपूर्वक लावतात. लावल्याबरोबर पिवळ्याचं तपकिरी होतं. काही दिवस उन्हात ठेवून धुतलं की पांढरं. सोडा कातडी जाळतो, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि सोडा नेहमी पाण्यात टाका, सोड्यावर पाणी कधीही ओतू नका. काळ्यावर या साबणाचा एक थेंब पडला तरी तिथे भोक पडल्यासारखा डाग दिसतो. सगळ्या आकृत्या पांढऱ्या करायलाच हव्यात असंही नाही. ज्यांच्या घरच्यांकडून मला काही ऐकायला मिळालं त्या आकृत्या मी पांढऱ्या केल्या, बाकीच्या पिवळ्याच ठेवल्या. लालसर हवं असेल तर म्पेकू झाडाच्या सालीचा काढा वापरा, पण थोडाच. माझ्या चित्रात तो फक्त नदीला आहे.

तयार चित्र घडी घालून ठेवू नका. लोह-टॅनिनचं काळं कालांतराने सूत कमकुवत करतं आणि घडीवर कापड आधी फाटतं. नळीवर सैल गुंडाळा, दमट जागा टाळा, टांगायचं तर वरच्या काठाला पूर्ण लांबीची काठी शिवून टांगा. मागच्या बाजूला वेगळी पट्टी जोडून तिच्यावर लिहा: पट्टे कुणी विणले, गाळ कुठला, तंत्र कुणाकडून शिकलात आणि गोष्ट कुणी सांगितली. नाव लिहायचं की नाही हे सांगणाऱ्यालाच विचारा.