संध्याकाळचा दीड तास: घरात मोबाइल बाजूला ठेवण्याची रीत

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात असलेल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि त्यानंतर दीड तास गावातील टीव्ही व मोबाइल बंद राहतील. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरली होती आणि ती पुन्हा वर्गात भरू लागल्यावरही मुलांच्या हातातून फोन सुटेना, हे त्यामागचे कारण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करणारा ठराव केला. माझ्या मते घरात उचलण्यासारखी पद्धत वडगावची आहे, कारण भोंगा लहानमोठ्या सगळ्यांसाठी एकदमच वाजतो. नियम फक्त मुलांपुरता असला, तर वडिलांच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवायला मुलांना वेळ लागत नाही.

वेळ ठरवताना घरातील माणसांच्या कामाच्या पाळ्या आधी पाहाव्यात. लोकलने उशिरा परतणारे कुणी असेल तर सातऐवजी नऊची वेळ धरावी. मुलगा किंवा मुलगी परदेशी असेल तर तिथले घड्याळही बघावे लागते: उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ झालेले असतात, आणि रविवारी नातवंडे आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल करतात ती वेळ बहुधा हीच असते. हा कॉल दीड तासातून वगळावा; सगळे घर एका पडद्याभोवती जमते, तेव्हा फोन माणसांच्या आड येत नाही.

खरी अडचण जागेची आहे. फोन जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवणे म्हणजे ठेवल्यासारखे करणे होय. आई बँकेतल्या रांगेची हकीकत सांगत असते, मुलगा ‘हं’ म्हणत असतो, तेवढ्यात फोन थरथरतो आणि त्याची नजर एका क्षणापुरती खाली जाते, ‘ऐकतोयस ना?’ ‘हो, बोल ना,’ एवढे होऊन हकीकत पुढे सरकते खरी, पण रांगेत भेटलेल्या जुन्या शेजारणीचा भाग आई गाळून टाकते. म्हणून सर्वांचे फोन एकाच जागी, शक्यतो दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला लावून ठेवावेत.

निकडीचा फोन चुकेल ही भीती रास्त आहे आणि तिच्यावर सोय आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘व्यत्यय आणू नका’ हा पर्याय रोजच्या ठरावीक वेळेसाठी लावता येतो. त्यातच जवळच्या माणसांचे क्रमांक अपवाद म्हणून निवडता येतात आणि एकाच व्यक्तीने पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर घंटी वाजू देण्याची मुभाही ठेवता येते. आयफोनमध्ये हीच मुदत तीन मिनिटांची आहे. ही गोष्ट नातेवाइकांना मात्र आधी सांगून ठेवावी. पूर्वी पैसे वाचवण्यासाठी एक मिस्ड कॉल म्हणजे ‘पोहोचलो’ असा संकेत घरोघरी होता. तसाच आता लागोपाठ दोन कॉल म्हणजे निकड, असा संकेत करून टाकावा.

‘निरोप वाचला आणि उत्तर दिले नाही’ हा रुसवा टाळण्यासाठी अनेकजण व्हॉट्सॲपवरील निळ्या खुणा बंद करतात. त्याने आपल्यालाही दुसऱ्याने वाचल्याचे कळत नाही, आणि गटांमध्ये त्या खुणा दिसतच राहतात. त्यापेक्षा उत्तर साडेआठनंतर मिळेल, हे एकदा स्पष्ट लिहावे.

पहिले तीन-चार दिवस घरात अवघडलेली शांतता पसरते. तेव्हा समोरासमोर बसून गप्पांचा आग्रह धरू नये. मेथी निवडायला किंवा शेंगा सोलायला घ्याव्यात, हात गुंतले की बोलणे आपोआप निघते.

साडेआठला फोन उचलल्यावर आधी चुकलेल्या कॉलना उत्तर द्यावे आणि गट नंतर उघडावेत. एखाद्या गटात कुणाच्या घरी माणूस गेल्याची बातमी आली असेल, तर ओळीने आलेल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’खाली आपली आणखी एक न जोडता त्या घरी फोन लावावा, आणि गाव जवळचे असेल तर दहाव्याच्या आत प्रत्यक्ष भेटून यावे.