सक्युलंटचं जिवंत कडं: बांधणी आणि निगा

परदेशात दारावर टांगतात त्या गोल रचनेला रीथ म्हणतात. मराठीत पुष्पचक्र म्हटलं की श्रद्धांजलीच आठवते, म्हणून इथे त्याला कडं म्हणू. यात तोडलेली फुलं नसतात. ओल्या शेवाळात रुजलेल्या सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांच्या, फांद्या असतात आणि नीट जपलं तर कडं दोन-तीन वर्षं टिकतं. आपल्या हवेत ते बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: आतलं शेवाळ वेळेवर वाळत नाही. झाडं निवडण्यापासून टांगण्यापर्यंत हीच गोष्ट डोक्यात ठेवा.

सुरुवात ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरमध्ये करा. पावसाळ्यात मुळीच नको. कापलेली टोकं वाळण्याआधीच कुजतात.

कोणती झाडं? एचेव्हेरिया मूळ मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातली, तिला गार रात्री मानवतात. पुणे, नाशिककडच्या थंडीत ती छान रंगते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट उकाड्यात मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका. तिथे जेड, एलिफंट बुश, हॉवर्थिया आणि छोट्या पानांचे क्रॅसुला घ्या. घोस्ट प्लांट दोन्हीकडे बऱ्यापैकी तग धरतो. सेम्परव्हिव्हम फोटोत कितीही देखणं दिसलं तरी ते थंड पहाडातलं झाड आहे, त्यावर पैसे घालवू नका. युफोर्बियाचा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेवर तोही नको.

30 सेंटिमीटर व्यासाच्या कड्याला 60 ते 80 फांद्या लागतात. प्रत्येकीला 3-4 सेंटिमीटर देठ ठेवून कापा आणि खालची पानं काढून टाका. ती पानं फेकू नका, कोरड्या मातीवर नुसती ठेवली तरी त्यातल्या बऱ्याच पानांना पिल्लं फुटतात. फांद्या सावलीत कागदावर पसरा. कोरड्या हवेत 3-4 दिवसांत, दमट हवेत आठवड्यात कापलेल्या जागी खपली धरते. बोट लावल्यावर ती कोरडी, किंचित खरखरीत लागली पाहिजे. ही पायरी गाळली तर ओल्या शेवाळातली बुरशी थेट देठात शिरते.

सांगाडा. अर्ध्या इंची भोकांची कोंबडी जाळी 80 सेंटिमीटर लांब, 22 सेंटिमीटर रुंद कापा. 150 ते 200 ग्रॅम कोरडं स्फॅग्नम मॉस (आतलं शेवाळ ते हेच) अर्धा तास पाण्यात भिजवून घट्ट पिळा. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंबच पडावा. जाळी आणि मॉस हाताळताना हातमोजे घालाच. स्फॅग्नममध्ये कधीकधी अशी बुरशी असते की ती ओरखड्यातून कातडीत जाऊन चिवट फोड आणते. नारळाचा काथ्या स्वस्त पडतो, पण त्यात बरेचदा खारटपणा असतो. वापरायचाच तर दोन-तीनदा पाणी बदलून धुवा.

मॉस जाळीवर सारखं पसरा, मधोमध 4 मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) तार ठेवा आणि सगळ्याची घट्ट गुंडाळी करा. साधारण 6 सेंटिमीटर जाडीची नळी होते. ती गोल वाकवा, तारेची टोकं एकमेकांत अडकवा आणि सगळे जोड बाइंडिंग वायरने आवळा. मॉस सैल राहिलं तर पोकळी पडते आणि तिथे मूळ धरत नाही.

लावणी. मोठे गुच्छ आधी, तीन-तीनच्या गटात; मग मधल्या जागी बारीक फांद्या. पेन्सिलीने भोक पाडा, देठ आत सरकवा, बाजूचं मॉस दाबा आणि तारेची यू आकाराची पिन लावा. दोन झाडांत एक-दीड सेंटिमीटर जागा सोडा. पहिल्या दिवशी कडं थोडं विरळच दिसेल. खच्चून भरलं तर हवा खेळत नाही आणि आतली पानं सडतात. मागची बाजू मोकळी ठेवा, नाहीतर कडं भिंतीला सपाट बसत नाही.

आता 6 ते 8 आठवडे कडं आडवंच ठेवा. सगळ्यांची घाई होते ती इथेच. उभं केलं की मुळं न धरलेल्या फांद्या स्वतःच्या वजनाने ओघळतात. पहिला आठवडा पाणी नको, त्यानंतर दर 4-5 दिवसांनी हलका फवारा पुरे. एखादी फांदी हळूच ओढून पाहा. ती अडली तर मूळ धरलं.

टांगल्यावर. भिजलेलं कडं अडीच-तीन किलोचं होतं, म्हणून खिळ्याऐवजी भिंतीत फिशर (स्क्रू पकडणारी प्लॅस्टिकची नळी) ठोकून हूक बसवा. जागा अशी हवी की सकाळचं 3-4 तास ऊन मिळेल. म्हणजे पूर्वेची गॅलरी किंवा खिडकीची ग्रिल. इमारतीच्या अंधाऱ्या पॅसेजमधल्या दारावर ते महिन्याभरात लांबोडकं होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाला 50 टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

नुसत्या फवाऱ्याने वाळलेलं मॉस भिजत नाही, पाणी वरूनच ओघळून जातं. घमेल्यात कड्याच्या अर्ध्या जाडीपर्यंत पाणी घेऊन 10-15 मिनिटं ठेवा. नंतर दोन विटांवर आडवं ठेवून ठिबकणं पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, निथळू द्या. ओलंच टांगलं तर पाणी तळाला साचतं: खालची झाडं कुजतात आणि वरची सुकतात. दर पंधरवड्याला पाव फेरा फिरवा. थंडीत 10-12 दिवसांनी, उन्हाळ्यात 6-7 दिवसांनी पाणी लागतं, पण तारखेपेक्षा मॉसवर विश्वास ठेवा. मागून बोट खुपसा. मॉस गवतासारखं फिकट आणि कुरकुरीत लागलं तरच भिजवा. आरओचं टाकाऊ पाणी वापरू नका, त्यात क्षार जास्त असतात. खत म्हणाल तर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत एकेकदा.

तहान आणि सड यांत गल्लत होते. तहानलेलं पान सुरकुततं, पण त्याचा रंग टिकतो. सडलेलं पान पिवळट, काचेसारखं आरपार दिसतं आणि हात लावताच गळतं. असं दिसलं की देठासह उपटा, भोकात दालचिनीची पूड टाका आणि पाणी थांबवा. मुंग्यांची रांग दिसली तर पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण शोधा. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने ते टिपा. एचेव्हेरियावरचा पांढरा भुरा मात्र पुसू नका, तो पानाचं उन्हापासून रक्षण करतो.

जूनमध्ये पहिली सर येण्याआधीच कडं छपराखाली, वारा खेळता असेल तिथे न्या. चार महिने पाणी जवळजवळ बंद. तीन आठवड्यांनी पानं सुरकुतली तरच थोडं. दोन-तीन वर्षांनी मॉस कुजून भुगा व्हायला लागलं की थंडीत सगळे गुच्छ कापा, खपली धरू द्या आणि त्याच जाळीत नवं मॉस भरून पुन्हा लावा.